रोज एक नोंद : कुलाबा ते अलिबाग

गेल्या पावसाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीच्या निमित्ताने डोलवी परिसरातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. डोलवी हे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातले, मुंबई-गोवा रस्त्यालगतचे गाव. जवळच अंबा नदी आणि धरमतरची खाडी, खाडीच्या कडेने भातशेती सांभाळणारे मातीचे बांध, आणि या सगळ्याच्या शेजारी भला मोठा पोलाद कारखाना. शाळेच्या ओट्यावरच्या फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार लिहिलेला होता : थेंबे थेंबे तळे साचे.

बैठक संपल्यावर एका शिक्षकांनी एक वही पुढे केली. शाळेच्या गच्चीवर प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक बसवून मुलांनी जूनपासून रोजचा पाऊस मोजला होता. तारीख, वेळ, मिलिमीटर आणि मोजणाऱ्याचे नाव, असे चार रकाने. वही खरोखर चांगली होती. पण मधल्या सहा-सात जागा कोऱ्या होत्या, आणि त्यांपैकी एका जागी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : 'विसरलो'.

शिक्षक थोडे संकोचून म्हणाले, "पुढच्या महिन्यात विज्ञान प्रदर्शन आहे. या जागा आधीच्या आणि नंतरच्या दिवसाची सरासरी घालून भरल्या तर चालेल का? वही पूर्ण दिसेल." ते बोलत असतानाच दहावीतली एक मुलगी मध्येच म्हणाली, "सर, पण रोज रोज मोजून शेवटी मिळतं काय?"

दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि त्या क्षणी आम्ही दोन्हींना जेमतेमच उत्तर दिले. परतताना वाटेत वडखळ नाका लागला. तिथून उजवी-डावीकडे फुटणाऱ्या वाटांपैकी एक अलिबागला जाते. जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर. त्या वाटेच्या शेवटी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे उभे आहे, हे आमच्या तेव्हा लक्षात आले. ते उत्तर सविस्तर मांडावे म्हणून हा लेख.

जहाजांच्या घड्याळांपासून सुरुवात

अलिबागच्या वेधशाळेची गोष्ट मुंबईत सुरू होते. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला एक वेधशाळा बांधली. हेतू व्यवहारी होता. भर समुद्रात आपण कोणत्या रेखांशावर आहोत हे कळायचे तर जहाजावरचे घड्याळ अचूक लागते, आणि ते लावून घ्यायला बंदरावर खात्रीची वेळ हवी. ताऱ्यांचे वेध घेऊन ती वेळ ठरवणे हे कुलाब्याचे पहिले काम.

त्या काळी युरोपात आणखी एका कोड्याने शास्त्रज्ञांना पछाडले होते. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, पण अगदी तंतोतंत नाही. आणि जी दिशा दाखवते तीही कायम नसते. सुई दिवसभरात किंचित इकडे-तिकडे सरकते, वर्षावर्षाने हळूहळू वळते, आणि कधीकधी काही तास अक्षरशः थरथरत राहते. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी ठरवले की एका ठिकाणी कितीही मोजले तरी हे कोडे सुटणार नाही. पृथ्वीवर अनेक ठिकाणी, ठरलेल्या वेळी, एकाच पद्धतीने मोजले पाहिजे. ब्रिटिशांनी ही कल्पना उचलली आणि १८४० च्या आसपास आपल्या वसाहतींत चुंबकीय वेधशाळांचे जाळे विणायला घेतले. टोरांटो, होबार्ट, सिंगापूर, सिमला अशी ती नावे. कुलाब्याला चुंबकीय आणि हवामानविषयक नियमित नोंदी १८४१ मध्ये सुरू झाल्या. एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्याकडे हे काम होते.

सिंगापूर आणि सिमला इथल्या वेधशाळा काही वर्षांतच बंद पडल्या. कुलाब्याची मात्र चालू राहिली. त्यामागे कोणाचा मोठा पराक्रम नव्हता. वेधशाळा चालू राहिली ती केवळ रोज कोणीतरी तिथे जाऊन मोजत राहिल्यामुळे.

मोजायचे म्हणजे काय करायचे, हेही पाहू. एक चुंबकपट्टी रेशमी धाग्याने टांगलेली असे. ती अगदी सूक्ष्म कोनातून वळली तरी डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून थोड्या अंतरावर ठेवलेल्या छोट्या दुर्बिणीतून मोजपट्टीवरचे रेघांचे स्थान वाचायचे. दुसरी पट्टी दोन धाग्यांवर पीळ देऊन टांगलेली. ती क्षेत्राच्या आडव्या घटकाची तीव्रता दाखवी. तापमान वाचायचे, कारण तापमानाने चुंबकाची शक्ती बदलते. घड्याळ पाहायचे. तीन-चार आकडे वहीत लिहायचे. पुढच्या तासाला पुन्हा तेच. कॅमेऱ्याच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रे कुलाब्याला बसली ती १८७२ मध्ये. त्याआधीची सगळी वर्षे हे काम माणसांच्या डोळ्यांनी आणि हातांनी झाले.

नागावचे केरोपंत

या माणसांपैकी एकाचे नाव आपल्याला चांगले परिचित आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना छत्रे. त्यांचे जन्मगाव नागाव. अलिबागपासून हाकेच्या अंतरावरचे. एल्फिन्स्टन संस्थेत ऑर्लिबार आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्या हाताखाली ते शिकले आणि १८४० मध्ये, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, दरमहा पन्नास रुपयांवर कुलाबा वेधशाळेत रुजू झाले. पुढची सुमारे दहा वर्षे ते तिथे होते.

आजच्या हिशेबाने नववी-दहावीतला मुलगा. त्याच्या हातात दुर्बीण, कंदील आणि वही. त्याने पहिल्याच वर्षी काही शोध लावला असे नाही. पण या काळात एक गोष्ट त्याच्या अंगात भिनली असावी, असे त्यांचे पुढचे काम पाहिल्यावर वाटते : पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा आकाशात काय दिसते ते आधी पाहायचे. पुढे पुण्याला ते गणिताचे आणि विज्ञानाचे नामवंत प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांचे 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाले. जुन्या करणग्रंथांवरून केलेल्या पंचांगातली ग्रहणे आणि ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, तेव्हा पंचांग वेधांना धरून सुधारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यातूनच पटवर्धनी पंचांग सुरू झाले. धर्मकार्याच्या वहीलाही आकाशाचा पुरावा लागतो, असे म्हणण्याचे धैर्य एका दिवसात येत नाही. वहीत रोज खरा आकडा लिहिण्याच्या सवयीतून ते येत असावे.

१८५९ : एका दिवसाची गोष्ट

केरोपंत पुण्याला गेले, कुलाब्याचे काम चालू राहिले. आणि मग आला १८५९ चा सप्टेंबर.

१ सप्टेंबरच्या सकाळी लंडनच्या दक्षिणेला रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होता. हेही त्याचे नेमाचेच काम होते; १८५३ पासून तो ते करत आला होता. ग्रिनिचच्या वेळेनुसार ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर अचानक दोन लखलखीत ठिपके उजळले आणि पाचेक मिनिटांत विझून गेले. सूर्यावरची ज्वाला माणसाने पाहिल्याची ही पहिली नोंद. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते.

सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खवळले. क्युबा आणि हवाई इतक्या दक्षिणेकडच्या बेटांवरून ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांतून एवढा प्रवाह वाहू लागला की काही ठिकाणी बॅटरी काढून ठेवूनही संदेश जात राहिले. युरोपातल्या अनेक वेधशाळांतली नोंद मोजपट्टीच्या बाहेर गेली. म्हणजे वादळ आले हे कळले, पण किती मोठे ते कळले नाही.

मुंबईत ती २ सप्टेंबरची सकाळ होती. मागे हिशेब करत गेले तर हा दिवस गणेश चतुर्थीच्या अगदी जवळचा येतो. पेणच्या घराघरांत तेव्हा गणपतीची गडबड असणार. कुलाब्याला नेहमीप्रमाणे निरीक्षक दुर्बिणीशी बसले होते. आकडे वेड्यासारखे उतरू लागले, तेव्हा तासाची वाट न पाहता त्यांनी मधली निरीक्षणे घेतली. क्षेत्र बिघडले की काही मिनिटांच्या अंतराने वाचन घ्यायचे, हा नेमाचाच भाग होता. अकराच्या सुमारास आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे आजचे एकक. कुलाब्याचा आडवा घटक साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्लाचा. म्हणजे ही घट चार टक्क्यांच्या आसपास. चार टक्के ऐकायला लहान वाटते, पण एरवी दिवसभरात हा घटक बदलतो तो काही दशक नॅनोटेस्लांनी.

कुलाबा विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे इथली नोंद मोजपट्टीच्या आत राहिली. निरीक्षकांनी आकडे लिहिले, ते वार्षिक खंडात छापले गेले, खंड कपाटात गेला. आपण विशेष काही केले असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

त्या आकड्यांची खरी किंमत कळायला १४४ वर्षे लागली. २००३ मध्ये अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले जी. एस. लखिना व एस. अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या या नोंदी पुन्हा तपासल्या आणि त्यांच्या आधारे १८५९ च्या वादळाचे मोजमाप मांडले. नंतरच्या संशोधकांनी कुलाब्याचे छापील खंड पुन्हा उघडले. तासाची सरासरी घेतली तर वादळाचा आकडा बराच कमी येतो, असेही दाखवले गेले. तो वाद अजून रंगतो. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की वाद घालायलाही सगळ्यांना कुलाब्याचीच वही लागते.

हा नुसता इतिहासाचा छंद नाही. मार्च १९८९ मध्ये याच्याहून लहान वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. आज उपग्रह, विमानांची मार्गदर्शन यंत्रणा, विजेची जाळी हे सारे अशा वादळांना उघडे आहे. जास्तीत जास्त किती मोठे वादळ येऊ शकते, हा प्रश्न अभियंते विचारतात, तेव्हा उत्तर शोधताना १८५९ च्या त्या सकाळपर्यंत जावे लागते. सुविचाराच्या भाषेत सांगायचे तर याला यश म्हणतात. पण ज्यांनी कष्ट केले, ते हे यश पाहायला नव्हते. रोजच्या शिस्तीबद्दल बोलताना आपण हा भाग सहसा गाळतो.

ट्राम आली, वेधशाळा हलली

विसाव्या शतकाच्या तोंडावर कुलाब्यावर संकट आले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. आता त्या विजेवर चालवायच्या ठरल्या. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो आणि त्याचा काही भाग जमिनीत पाझरतो. जिथे प्रवाह तिथे चुंबकीय क्षेत्र, हे आपण आठवीपासून शिकवतो. ट्राम सुरू झाली की कुलाब्याची सुई पृथ्वीचे सांगण्याऐवजी ट्रामचे वेळापत्रक सांगणार होती.

त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते डॉ. नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस, या पदावर बसलेले पहिले भारतीय. योगायोग असा की त्यांचा जन्म १८५९ चाच. त्यांनी दूर, पण फार दूर नाही, अशी जागा निवडली : मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग. तिथे पोरबंदरच्या दगडाची इमारत उभी राहिली, कारण त्या दगडात चुंबकीय अंश नसतो. बांधकामात लोखंड वर्ज्य. लाकूड, तांबे, पितळ यांवर भागवले. खोलीचे तापमान दिवसभरात फारसे बदलू नये अशी रचना केली. अशा खोलीत शिरताना खिशातल्या किल्ल्या आणि चाकूसुद्धा बाहेर ठेवण्याचा रिवाज असतो. डोलवीत पोलाद तयार होते आणि त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचा खिळाही चालत नाही, ही रायगड जिल्ह्याची गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे.

आता मूस यांनी जे केले ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. नवी जागा तयार झाली म्हणून त्यांनी जुनी बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. प्रत्येक जागेचे क्षेत्र थोडे वेगळे असते. हा फरक नेमका किती हे कळल्याशिवाय जुनी आणि नवी मालिका जोडता येत नाही. दोन वर्षांच्या दुहेरी कष्टांनी तो सांधा पक्का झाला. १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. ट्रामही १९६४ मध्ये इतिहासजमा झाली, अलिबागची नोंद मात्र चालू आहे. १९७१ मध्ये हे काम स्वायत्त भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आले. या संस्थेचे मुख्यालय आता नव्या पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. कुलाबा-अलिबाग ही मालिका जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय मालिकांपैकी एक मानली जाते.

वर्गमुळाचा नियम

मूस यांनी १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदींचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्यात चुंबकीय क्षेत्रावर चंद्राचा होणारा परिणामही अभ्यासला आहे. हा परिणाम इतका बारीक, जेमतेम काही नॅनोटेस्लांचा, की एखाद्या दिवसाच्या किंवा महिन्याच्या नोंदीत तो दिसणे अशक्य. मग तो सापडला कसा?

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे गणित करून पाहावे. समजा एका निरीक्षणात इतर कारणांनी २० नॅनोटेस्लांची मागेपुढे गडबड आहे. आपण 'न' निरीक्षणांची सरासरी घेतली, तर ही गडबड 'न'च्या वर्गमुळाच्या पटीत कमी होते. १०० निरीक्षणांची सरासरी घेतली तर २० भागिले १०, म्हणजे २ नॅनोटेस्ला. १०,००० निरीक्षणांची घेतली तर २० भागिले १००, म्हणजे ०.२. आता एक-दोन नॅनोटेस्लांचा चंद्राचा परिणाम स्पष्ट दिसू लागतो. रोज एक निरीक्षण धरले तर १०,००० निरीक्षणांना सव्वासत्तावीस वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. (लागोपाठच्या दिवसांची गडबड पूर्णपणे स्वतंत्र नसते, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी थोडे थांबावे लागते.)

रोजच्या सवयींबद्दल बोलणारे हल्ली एक वेगळा हिशेब सांगतात : रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेरीस माणूस सदतीस पट चांगला होतो. १.०१ चा ३६५ वा घात खरोखरच सुमारे ३७.८ येतो, त्यामुळे गणित चुकलेले नाही. पण माणूस हे चक्रवाढ व्याजाचे खाते नव्हे. रोज दहा गणिते सोडवणारा मुलगा वर्षाने सदतीस पट हुशार झालेला कोणत्याही शिक्षकाने पाहिलेला नाही. अशी आश्वासने ऐकून मुले सुरुवात करतात, दोन महिन्यांत काही दिसत नाही म्हणून निराश होतात आणि दोष स्वतःलाच देतात.

वर्गमुळाचा नियम कमी आकर्षक आहे, पण आमच्या अनुभवाला तो अधिक जुळतो. दुप्पट खात्री हवी असेल तर चौपट दिवस घालवावे लागतात. सुरुवातीला फायदा चटकन दिसतो, मग वेग मंदावतो. पण कष्ट कधी वाया जात नाहीत. अक्षर वळणदार करणे, पाढे पक्के होणे, कान सुरात येणे, या साऱ्यांची चाल साधारण अशीच असते.

या नियमाला एक अट मात्र आहे. सरासरीत गडबड विरघळते ती फक्त प्रामाणिक चुकांची. कधी थोड्या जास्त, कधी थोड्या कमी. अंदाजाने भरलेला आकडा अशी चूक नसते. तो नेहमी आपल्याला अपेक्षित असलेल्या बाजूलाच झुकतो, आणि असे कितीही आकडे गोळा केले तरी ते एकमेकांना खोडून काढत नाहीत. १८५९ च्या त्या सकाळी कुलाब्याचा निरीक्षक जागेवर नसता आणि मागचा-पुढचा आकडा पाहून त्याने मधले भरले असते, तर वही पूर्ण दिसली असती आणि वादळ नाहीसे झाले असते.

आमचीच एक चूक

हे आम्हाला पुस्तकातून कळलेले नाही. संशोधक विद्यार्थी असताना एका प्रयोगासाठी रात्री दर तासाला वाचन घ्यायचे काम आमच्याकडे होते. अडीच महिने नीट चालले. एका रात्री डोळा लागला तो पहाटेच उघडला. दोन आणि पाचच्या वाचनांवरून तीन आणि चारचे आकडे आम्ही बसवले. अगदी गुळगुळीत बसले. आठवड्याने मार्गदर्शकांनी वही चाळताना शांतपणे विचारले, "त्या रात्री तीन ते साडेचार इमारतीत वीज नव्हती. उपकरण बंद असताना तुला वाचन कसे मिळाले?"

आम्ही चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त पुढचा प्रश्न केला, "मग बाकीच्या आकड्यांतले किती खरे?" बाकीचे सगळे खरे होते. पण ते सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे उरला नव्हता. अडीच महिन्यांची सगळी मालिका बाजूला ठेवून पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. दोन कोऱ्या जागांची किंमत दोन वाचने एवढीच होती. दोन बनावट आकड्यांची किंमत झाली अडीच महिने.

शिस्त मनात असते की मांडणीत?

कुलाबा-अलिबागचा इतिहास वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. तिथली शिस्त कोणा एकाच्या जबर इच्छाशक्तीवर उभी नव्हती. पावणेदोनशेहून अधिक वर्षे टिकेल अशी इच्छाशक्ती कोणा माणसाजवळ असणार? ती मांडणीवर उभी होती. वाचनाची वेळ ठरलेली, त्यामुळे 'आज करू की उद्या' हा प्रश्नच नाही. काम लहान, काही मिनिटांचे. पाळ्या वाटलेल्या, त्यामुळे एक आजारी पडला तरी दुसरा बसे. वही ठरलेल्या रकान्यांची. आणि जागा बदलायची वेळ आली तेव्हा जुनी सवय सोडण्याआधी नवी तिच्याशी जोडून घेतलेली.

आपल्या विद्यार्थ्यांना आपण 'मन खंबीर कर' असे सांगतो. त्याऐवजी वेळ, जागा आणि कामाचा आकार ठरवून दिला तर बहुधा अधिक उपयोग होईल. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खाडीचा बांध फुटतो तो मोठ्या लाटेने, पण लाटेला वाट करून देते ते खेकड्याचे बीळ. म्हणून उधाणाच्या दिवसांत बांधावरून फेरी मारायची, बीळ दिसले की मूठभर चिखलाने बुजवायचे आणि उघाडीची झडप नीट बसते का ते पाहायचे. बांध न फुटल्याची बातमी कधी छापून येत नाही. पण भात घरी येतो तो या फेरीमुळे.

पुन्हा ती वही

परत आल्यावर त्या शिक्षकांना आम्ही पत्र लिहिले. त्यातला मजकूर इतर शाळांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

कोऱ्या जागा कोऱ्याच ठेवाव्यात. मात्र पर्जन्यमापकाची एक सोय आहे : चुंबकाच्या सुईला स्मरणशक्ती नसते, बाटलीला थोडी असते. रविवारी कोणी मोजले नाही, तर सोमवारी बाटलीत दोन दिवसांचे पाणी मिळते. ते सोमवारच्या नावावर लिहू नये. 'रविवार व सोमवार मिळून' असे स्पष्ट लिहावे. महिन्याची बेरीज त्याने बरोबर येते. बाटली भरून वाहिली असेल तर तसे लिहावे. मोजण्याची वेळ सकाळी साडेआठची ठेवावी. आपल्या हवामान खात्याची रोजच्या पावसाची वेळ तीच आहे, म्हणजे पुढे तुलना करता येईल. एका मुलावर भार न टाकता तिघांची पाळी लावावी, आणि सुट्टीत शाळेजवळ राहणाऱ्याकडे काम द्यावे. पर्जन्यमापक हलवावा लागला तर नवा बसवल्यावर एक पूर्ण पावसाळा दोन्ही ठेवावेत. मूस यांनी केले तसे. दहावीचा वर्ग शाळा सोडतो तेव्हा वही नववीच्या हाती रीतसर सोपवावी. एका वर्षाची वही प्रदर्शनापुरती असते. दहा वर्षांची वही गावाच्या उपयोगाची होते, कारण यंदाचा पाऊस जास्त की कमी हे मग आठवणीवर न सोडता सांगता येते.

त्या मुलीच्या प्रश्नाला मात्र आम्ही एवढेच लिहिले, की कुलाब्याच्या निरीक्षकांनाही हा प्रश्न पडला असेल, आणि त्यांना कोणी उत्तर दिले नव्हते. तरी ते पुढच्या तासाला दुर्बिणीशी जाऊन बसत. तिने जमेल तेव्हा अलिबागला जाऊन वेधशाळेचा परिसर बाहेरून तरी पाहून यावा.

महिन्याभराने शिक्षकांचे उत्तर आले. वही आहे तशीच प्रदर्शनात मांडली होती. परीक्षकांनी कोऱ्या जागांबद्दल विचारलेच. ज्या मुलाने 'विसरलो' लिहिले होते, तोच टेबलाशी उभा होता. त्याने सांगितले, "त्या दिवशी मी विसरलो. म्हणून आकडा नाही. बाकीचे आहेत ते मोजलेले आहेत." बक्षीस मिळाले की नाही, ते पत्रात लिहिलेले नव्हते. सोबत पुढच्या महिन्याच्या नोंदींची प्रत होती. तीत फक्त एक जागा कोरी होती.